आधी दिवा, मग पडदा

डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, मैदानावरचे भोंगे बंद करावे लागतात. कागदावर पाहिलं तर प्रोजेक्टर लावून चित्र जुळवायला मधले साडेचार तास मिळतात. प्रत्यक्षात त्याच वेळात गायकांचा साउंड चेक असतो, नृत्याची तालीम असते, खुर्च्यांचे ट्रक उतरत असतात आणि मंडपवाल्यांनी कामापुरते लावलेले पांढरे फ्लड थेट रंगमंचावर मारलेले असतात. त्या उजेडात प्रोजेक्टरचं चित्र दिसतच नाही. त्यामुळे खरं प्रोग्रॅमिंग सुरू होतं ते दहानंतर, मैदान रिकामं झाल्यावर, कानाला हेडफोन लावून.

नागपुरात हे काम करणाऱ्या मंडळींपैकी एकाची ही हकीकत. त्याचं नाव कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नसतं, तेव्हा इथंही नको. त्याची सुरुवात गणपतीच्या देखाव्यांपासून झाली. मग ऑर्केस्ट्राचे दिवे, मग राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संघांच्या नाटकांसाठी डिमर हाताळणं. आता त्याचं काम सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं 2017 मध्ये सुरू झालेलं कविवर्य सुरेश भट सभागृह आणि शहरातली मोठी मैदानं यांत विभागलेलं असतं. लाइटवाले त्याला व्हिडिओवाला म्हणतात, व्हिडिओवाले लाइटवाला म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

रंगमंचावरचे दिवे आणि चित्र दाखवणारा प्रोजेक्टर ही जगभर दोन वेगळी खाती होती. 1986 मध्ये अमेरिकेत डीएमएक्स 512 हे मानक ठरलं. एका तारेतून 512 चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलला शून्य ते 255 यांपैकी एक आकडा. दिवा किती पेटलाय, त्याचा रंग कोणता, मान कुठं वळली आहे, हे सगळं त्या आकड्यांत मावलं. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप बनवली. डीएलपी जातीच्या प्रत्येक प्रोजेक्टरच्या पोटात आज तिचीच वंशावळ आहे. ही दोन खाती एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न 2000 नंतर झाला, तोही टेक्सासमध्येच. ऑस्टिन शहरातल्या हाय एंड सिस्टिम्स या कंपनीनं आधी कॅटलिस्ट नावाची यंत्रणा आणली आणि मग डीएल.1, डीएल.2, डीएल.3 असे प्रोजेक्टर. डीएल.2 मध्ये प्रोजेक्टर, चित्रं साठवणारा संगणक आणि चारी दिशांना फिरणारी मान असं सगळं एकाच उपकरणात होतं. स्पॉटसारखं ते ट्रसला टांगायचं आणि होग नावाच्या लाइट-कन्सोलवरून स्पॉटसारखंच चालवायचं. रंग बदलावा तसं चित्र बदलायचं, आणि लागलं तर ते चित्र उचलून रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं.

त्या उपकरणाचा उजेड पाच हजार ल्युमेनच्या आसपास होता. आज तेवढा एखाद्या बैठकीच्या खोलीतला प्रोजेक्टरही देतो. कंपनी पुढे बार्कोकडे आणि 2017 मध्ये ईटीसीकडे गेली, फिरत्या मानेचे ते प्रोजेक्टर मागे पडले. पण त्यामागची कल्पना टिकली. आता प्रोजेक्टर टॉवरवर स्थिर बसतो, चित्रं शेजारच्या संगणकात रेझोल्यूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि नेटवर्कच्या तारेवरून आर्ट-नेट या प्रोटोकॉलनं सगळं लाइटच्या डेस्कला जोडलेलं असतं. एकाच बोटाखाली दिवा आणि चित्र. नागपूरचा हा गडी काम करतो तो इथं, या जोडावर.

चित्राला दिव्यासारखं वागवण्याची हौस आपल्याकडे मात्र त्याहून जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ नावानं मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली रामायण-महाभारतातली पात्रं, ती पडद्यावर टाकणारे एकाहून अधिक कंदील, आणि एका कंदिलाचा उजेड कमी करत दुसऱ्याचा वाढवला की चित्रात चित्र विरघळून पात्र हललेलं दिसे. आज डेस्कवर ज्याला क्रॉसफेड म्हणतात तो हाच. लुमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत 7 जुलै 1896 ला आला, त्याच्या आधीची ही गोष्ट. पटवर्धन पितापुत्रांना ना कन्सोल होता ना क्यू-लिस्ट, पण कुठला कंदील कधी, किती वेगानं आणि किती मंद करायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. सव्वाशे वर्षांत उजेड कितीतरी पटींनी वाढला, प्रश्न तोच राहिला.

या कामातला पहिला टप्पा टेप घेऊन मोजमाप करण्याचा. लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर आणि चित्राची रुंदी यांचं गुणोत्तर, दीड असेल तर 12 मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर 18 मीटर मागे लागतो. रंगमंचापासून 18 मीटर मागे म्हणजे मैदानी कार्यक्रमात नेमकी सोफ्यांच्या मागची, बऱ्यापैकी मानाची जागा. तिथं लोखंडी टॉवर उभा राहणार म्हटलं की आयोजकांचा चेहरा उतरतो. “थोडा बाजूला घ्या ना,” अशी विनंती येते. थोडा बाजूला घेतला की चित्र समलंब चौकोनी होतं, ते सॉफ्टवेअरनं सरळ करता येतं, पण सरळ करताना कडेचे पिक्सेल वाया जातात आणि उजेड कमी होतो.

उजेडाचं गणितही आधीच मांडलेलं बरं. 20000 ल्युमेनचा प्रोजेक्टर 12 मीटर रुंद आणि साडेसात मीटर उंच पडद्यावर मारला तर 90 चौरस मीटरवर तो पसरतो. म्हणजे साधारण 222 लक्स, तेही पूर्ण पांढऱ्या चित्राला. नटाच्या चेहऱ्यावर समोरून पडणारा प्रकाश सहज पाचशे ते हजार लक्स असतो. त्यातला थोडा जरी उसळून मागच्या पडद्यावर गेला तरी चित्र धुतल्यासारखं दिसतं. भाड्यानं प्रोजेक्टर घेणाऱ्याला ‘वीस हजार’ हा आकडा फार मोठा वाटतो. प्रोग्रॅमरला तो 90 नं भागलेला दिसतो.

टॉवरचं हलणं हे वेगळं प्रकरण. 18 मीटरवरून एक दशांश अंश जरी कल बदलला तर पडद्यावर चित्र तीन सेंटिमीटर सरकतं. 1920 पिक्सेल 12 मीटरवर पसरले असतील तर एक पिक्सेल सव्वासहा मिलिमीटरचा, म्हणजे ही घसरण पाच पिक्सेलची झाली. पडदा साधा असेल तर कुणाच्या लक्षात येणार नाही. पण किल्ल्याच्या उभारलेल्या देखाव्यावर, बुरुजाच्या कडेला नेमकी रेषा जुळवून चित्र बसवलं असेल, तर बुरुज दोन दिसायला लागतात. म्हणून टॉवरवर कॅमेरावाल्याला चढू द्यायचं नाही, झेंडा बांधू द्यायचा नाही आणि पाहुण्यांच्या स्वागताची कमान त्याला टेकवू द्यायची नाही, यासाठी एक माणूस खाली उभा ठेवावा लागतो. पोट्टे वर चढून मोबाइलनं शूटिंग करतात, ही या प्रोग्रॅमरची कायमची तक्रार.

हवामानाशीही नागपुरात जमवून घ्यावं लागतं. बहुतेक मोठे प्रोजेक्टर 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नागपूरचा मे महिना 45 च्या पुढं जातो. बंदिस्त टॉवरच्या खोक्यात तर आणखी वर. तापलं की यंत्र आपणहून उजेड कमी करतं आणि तरी भागलं नाही तर बंद पडतं. म्हणून मोठे मैदानी कार्यक्रम थंडीत बरे. पण थंडीच्या उत्तररात्री दव पडतं, गार लेन्सवर ओल धरते आणि मग चित्राला धुक्याची कड येते. यावर उपाय साधा: संध्याकाळी एकदा पेटवलेलं यंत्र काम संपेपर्यंत विझवायचं नाही. नवरात्राच्या सुमारास किडे झोतात येतात. धुळीची जाळी रोज झाडावी लागते, मैदान असेल तर दिवसातून दोनदा.

एवढं झाल्यावर डेस्कसमोर बसणं येतं.

प्रोग्रॅमिंग म्हणजे क्यू लिहिणं. अमुक वाक्यावर अमुक चित्र, इतक्या सेकंदांत, या दिव्यांसोबत. ऐकायला कारकुनी वाटतं. पण पहाट लिहून पाहावी. तीन मिनिटांत अंधारातून उजाडायचं असेल आणि उजेडाचा चॅनेल आठ बिटचा असेल, तर शून्य ते 255 या पायऱ्या 180 सेकंदांत चढायच्या, म्हणजे दर पायरीला सात दशांश सेकंद. भर उजेडात हे कुणाला कळत नाही. अंधारातून उठताना मात्र पहिल्या दहा-पंधरा पायऱ्या डोळ्याला टोचतात, सूर्य अडखळत उगवतो. तिथं दोन चॅनेल जोडून सोळा बिटचा फेड घ्यावा लागतो, म्हणजे पायऱ्या 65536 होतात. आणि तरीही प्रोजेक्टरच्या चित्रात पहाट आधी करायची नाही, आधी विंगेतल्या दिव्यांना थोडं उठवायचं, मग आकाशाला. खऱ्या पहाटे आकाश आधी उजळतं, हे खरं. पण रंगमंचावर आकाश आधी उजळलं की समोरचा नट काळी सावली होतो.

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी अडचण. चित्र काळं केलं तरी लेन्समधून थोडा उजेड झिरपतोच. मैदानात तो मिसळून जातो, सभागृहात पूर्ण अंधार झाला की मागच्या पडद्यावर राखाडी चौकोन उरतो. नाटकात मृत्यूनंतरचा अंधार असावा आणि मागे हा चौकोन लटकत राहावा! म्हणून चित्र काळं करण्याचा एक क्यू आणि त्यामागोमाग यंत्राचं झाकण बंद करण्याचा दुसरा क्यू लिहायचा. पुढच्या प्रवेशाआधी झाकण उघडायचं, पण संवाद सुरू होण्याआधी, कारण काही यंत्रांची झाकणं वाजतात. दोन प्रोजेक्टर शेजारी लावून मोठं चित्र केलं असेल तर त्यांची चित्रं एकमेकांवर जिथं चढतात तिथला झिरपणारा उजेड दुप्पट होतो. उजळ चित्रात हा जोड सफाईनं लपवता येतो. काळ्यात लपवण्यासाठी उरलेला भागही तेवढाच राखाडी करावा लागतो. प्रेक्षकाला दिसतं ते शेवटी सगळीकडे सारखं, थोडं कमी काळं.

नागपूरच्या या गड्याला हे काम खऱ्या अर्थानं शिकवलं ते एका म्हाताऱ्या लाइटमननं. ते काका डिमरच्या जमान्यातले, कन्सोलला हात न लावणारे. एका ऐतिहासिक नाटकाच्या तालमीत यानं मागे धगधगतं रणांगण उभं केलं होतं, ज्वाळा, घोडे, उडणारी धूळ. सगळे वाहवा करत होते. काका मागच्या रांगेतून उठून आले. “चेहरा दिसून नाही राह्यला ना बाबू,” ते म्हणाले. “तुह्यं चित्र पाहाले लोकं नाही आले.” यानं म्हटलं, “काका, मग काय करू, विझवून टाकू?” “विझवू नको. तो आगीचा उजेड त्याच्या अंगावर पाड.” मग रणांगण निम्म्यानं मंद झालं, ज्वाळांची हालचाल संथ झाली आणि त्याच लयीत धडधडणारा केशरी प्रकाश बाजूच्या दिव्यांतून नटाच्या खांद्यावर आला. चित्र आधीच्या निम्मं होतं, आग दुप्पट वाटली.

काकांना तापस सेन यांचं नाव ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात 1959 मध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरतं आणि कामगार बुडतात, ते दृश्य सेन यांनी केवळ प्रकाशानं उभं केलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रागच्या आल्फ्रेड राडोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी ‘लातेर्ना मागिका’त पडद्यावरचा सिनेमा आणि समोरचे जिवंत नर्तक यांची सांगड घातली होती. एकाकडे महागडी यंत्रणा होती, दुसऱ्याकडे फार थोडी साधनं. दोन्हीकडे चित्र माणसाला बांधलेलं होतं. रंगमंचावरच्या माणसाशी ज्याचं नातं नाही असं चित्र कितीही सुरेख असलं तरी ते रंगमंचाचं नसतं, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

संगीत नाटकाचे नवे प्रयोग होतात तेव्हा हमखास मागणी येते: दरबार पाहिजे, झुंबरं, कमानी, जमलं तर कारंजंही. नागपूरकरांचा या नाटकांवर हक्कच आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर इथलेच, आणि त्यातले खाँसाहेब अजरामर करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांची जडणघडणही इथलीच. पण गायक तान घेत असताना मागचं कारंजं उडत राहिलं की डोळा कानाला फितूर होतो. एकेकाळी कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी रंगवलेले पडदे संगीत नाटकांची शान होते. ते पडदे हलत नव्हते, ही त्यांची अडचण नव्हती, गाण्याला ती सोयच होती. त्यामुळे हा प्रोग्रॅमर दरबार देतो, पण गाणं सुरू झालं की कारंजं थांबवतो. आणि चित्रातल्या कमानींवर ऊन डावीकडून पडलं असेल तर रंगमंचावरचे दिवेही डावीकडूनच लावतो. दोन्ही बाजूंनी सूर्य असलेला दरबार प्रेक्षकाला खोटा वाटतो, का ते त्याला सांगता आलं नाही तरी.

जुन्या छायाचित्रांशी वागणं आणखी नाजूक. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या सोहळ्याची कृष्णधवल छायाचित्रं इथल्या नाटकांत, नृत्यनाट्यांत वारंवार लागतात. हातात येते ती बहुधा कुठूनतरी उतरवलेली लहान फाइल. ती 12 मीटरवर ताणली की चेहऱ्याचे चौकोन होतात. कुणी सुचवतं, रंग भरा. कुणी म्हणतं, सॉफ्टवेअरनं डोळे मिटल्या-उघडल्यासारखं करा. तो दोन्हीला नकार देतो. छायाचित्र लहान ठेवतो, पडद्याच्या चौथ्या भागाएवढं, कडा मऊ करून, आणि उरलेला पडदा अगदी मंद उबदार उजेडानं भरतो. ज्या घटनेसाठी समोर बसलेली माणसं डोळ्यांत पाणी आणतात, तिला हलवून दाखवण्याची गरज नाही, असं त्याचं स्पष्ट मत आहे.

क्यू कुणी मारायचा, यंत्रानं की माणसानं, हा वाद प्रत्येक कार्यक्रमात निघतो. नृत्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित गाण्यावर असेल तर टाइमकोड बरा. सेकंदाला 25 फ्रेम मोजणारा आवाजाचा एक छुपा ट्रॅक डेस्कला जातो आणि तिहाईच्या शेवटच्या धा वर चित्र अचूक कोसळतं. माणसाच्या बोटाला तेवढी अचूकता जमत नाही. नाटकात मात्र टाइमकोड बिनकामाचा. हे तो झाडीपट्टीत शिकला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात दिवाळीपासून होळीपर्यंत, बहुधा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं, रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या धंद्याचं केंद्र. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईकडच्या अनेकांना या रंगभूमीचा पत्ता लागला. पूर्वी तिथं गॅसबत्त्या होत्या, आता एलईडीचे पार दिवे आणि शार्पीसारखे फिरते दिवे आहेत. वडसाकडच्या एका नाटकाला तो दिवे घेऊन गेला होता. लोकांनी वन्स मोअर दिला की गाणं पुन्हा, विनोदाला हशा मिळाला की नट वाक्य लांबवणार, कुणी बक्षीस द्यायला उठलं की प्रवेश थांबणार. अशा ठिकाणी हातात संहिता धरून चालत नाही, नटाचा श्वास धरावा लागतो. तेव्हापासून नाटकाचे क्यू तो स्वतःच मारतो, आणि त्यासाठी किमान दोन पूर्ण तालमी नुसत्या बसून पाहतो, डेस्कला हात न लावता.

गेल्या काही वर्षांत या धंद्यावर एलईडी वॉलनं मोठं संकट आणलं आहे. वॉल संध्याकाळच्या उजेडातही दिसते, तिला टॉवर लागत नाही, सोफे हलवावे लागत नाहीत. राजकीय सभा, लग्नं, पुरस्कार सोहळे तिच्याकडे गेले ते योग्यच. पण वॉल स्वतः पेटलेली असते. तिचा उजेड मागून येऊन नटाची कड खातो, तिच्यासमोर नाजूक प्रकाशयोजना करताच येत नाही. प्रोजेक्टरचा उजेड पडतो कशावर तरी: सुती पडद्यावर, मातीच्या भिंतीवर, वडाच्या पारंब्यांवर, नर्तकीच्या पांढऱ्या ओढणीवर. ज्यावर पडतो त्याचा पोत घेतो. वॉल चित्र दाखवते, प्रोजेक्टर वस्तू उजळतो. नाटक आणि नृत्यासाठी हा फरक निर्णायक आहे, आणि म्हणून प्रोजेक्टरकडे छोटा-मोठा पडदा म्हणून न पाहता एक दिवा म्हणून पाहणाऱ्यांनाच त्याचा उपयोग कळतो.

आयोजकांकडे एकच मागणं आहे. अंदाजपत्रकात प्रोजेक्टरचं भाडं असतं, टॉवरचं असतं, जनरेटरच्या डिझेलचं असतं. प्रोग्रॅमिंगच्या रात्रीचं कधी नसतं. मंच आणि पडदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत उभा करून द्यावा, त्या रात्री दहा ते पहाटेपर्यंत मैदानातले कामाचे फ्लड बंद ठेवावेत, आणि नटांपैकी निदान एकाला दोन तास मंचावर नुसतं उभं राहायला पाठवावं. कारण रिकाम्या मंचावर लिहिलेला प्रत्येक क्यू माणूस आल्यावर बदलावा लागतो. एवढी एक रात्र दिली तर निम्म्या ल्युमेनच्या यंत्रातही काम भागतं, आणि भाड्याचे पैसेही वाचतात.